शेवंताचा सुळा

"आ कर," अप्पा म्हणाले. "मोठा आ. गिरजे, बघ गं, पेशंट ऐकत नाही."

खुर्चीवर पसरलेल्या शेवंतानं एक डोळा उघडला, अप्पांच्या हातातल्या दात तपासायच्या आरशाकडे तुच्छतेनं पाहिलं आणि परत मिटून घेतला.

ती खुर्ची दवाखान्यातली. अप्पांनी कराडचा दवाखाना बंद केला तेव्हा हत्यारांची एक जुनी पेटी सोडून बाकी सगळं विकून टाकलं, पण दातांच्या पेशंटची ती अवजड खुर्ची मात्र चार माणसं लावून तिसऱ्या मजल्यावर चढवली आणि हॉलमध्ये गॅलरीच्या दाराशी ठेवली. आईनं त्यावरून अबोला धरला होता. मग एक दिवस ती कुठूनसं मळकट पिवळं मांजराचं पिल्लू घेऊन आली, खुर्चीच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाली, "घ्या. बसा तपासत."

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. मी पुण्यातलं बिऱ्हाड आवरून अप्पांकडे राहायला आले होते. मुद्रितं तपासायचं माझं काम कुठंही बसून होणारं. आम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोलत नव्हतो. भांडण नव्हतं, सवय नव्हती. आजवर आमच्यामधलं सगळं बोलणं आईमार्फत झालेलं. आता ते शेवंतामार्फत व्हायचं.

"आज आमटीत मीठ जरा हात राखूनच पडलंय, काय शेवंते?" अप्पा जेवताना खाली बघून म्हणायचे. मी मीठ आणून ठेवायची.

त्या शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या शहनाजभाभी चिकू घेऊन आल्या. त्यांच्या मालकांचा बाजारात फळांचा गाळा होता. त्यांच्याकडे सुलतान नावाचा एक दांडगा काळा बोका होता.

"डॉक्टरसाब, किती दिवस झुलवणार आमच्या पोराला?" त्या दारातूनच म्हणाल्या. "खिडकीत बसून दिवसभर वर बघत असतोय. लावून टाका की लगीन."

"आमची पोरगी लिंगायताघरची," अप्पा म्हणाले. "दही-भात खाते. तुमच्याकडं कसं निभायचं तिचं?"

"अस्सं? मग काल माझ्या ओट्यावरची सुरमई कुणी नेली?"

"शेवंते!" अप्पांनी कपाळावर हात मारला. "गिरजे, ऐकलंस? आईनं हेच शिकवलं का हिला?"

आणि अप्पा हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अप्पा आता नाहीत. त्यांचं हसणं आठवायचं म्हटलं की मला तोच शनिवार आठवतो. त्यानंतरही ते कधी हसले असतील, पण ते माझ्याजवळ राहिलेलं नाही.

रविवारी सकाळी मी गोधड्या उन्हात टाकायला गॅलरीत गेले. गॅलरीला सरकती जाळी होती. पारवे येऊ नयेत आणि शेवंता जाऊ नये म्हणून आईनं बसवून घेतलेली. गोधड्या कठड्यावरून बाहेर सोडायच्या तर जाळी सरकवावी लागे. मी ती सरकवली. तेवढ्यात गॅसवर दूध वर येऊ लागल्याचा आवाज आला आणि मी आत धावले.

दूध उतरवलं. परत येताना मला कठड्यावरून एक पारवा उडताना दिसला. शेवंता दिसली नाही.

ती खाली सिमेंटच्या पट्टीवर उभी होती. चार पायांवर पडली होती, पण हनुवटी आपटली होती. तोंडातून रक्ताची तार लोंबत होती. मी उचलताना तिनं ओरबाडलं नाही. तेव्हाच मी घाबरले.

अप्पा मात्र घाबरले नाहीत. त्यांनी तिला खुर्चीत ठेवलं, दिवा ओढला, भिंगाचा चष्मा लावला. वर्षभर झोपेतून उठल्यासारखा वागणारा माणूस एकदम सरळ उभा राहिला.

"टॉवेल आण. जाडा. पाय आत गुंडाळ, डोकं तेवढं बाहेर. हां. असंच धर." त्यांनी बोटानं ओठ वर केला. "वरचा सुळा मोडलाय. टोक गेलंय. हे बघ, मधे गुलाबी ठिपका दिसतोय? नस आहे ती. उघडी पडलीये. वारा लागला तरी ठणकणार बिचारीला."

"आपण डॉक्टरांना..."

"लाव फोन."

जनावरांच्या डॉक्टर लोंढे. फोन त्यांच्या मदतनिसानं उचलला. मॅडम लसीकरणाला खेड्यावर गेल्यात, रेंज नाही, उद्या दुपारी भेटतील. दात मोडलाय म्हटल्यावर तो म्हणाला, "दातच ना ताई? मग काय घाई नाय."

अप्पांनी ते ऐकलं. "दातच ना, म्हणे. स्वतःचा दुखला की कळतं." ते हात धुवायला गेले. "जन्मभर लोकांचे दात भरले आणि माझ्या घरातलं लेकरू उद्या दुपारपर्यंत कळवळत ठेवू?"

मी हे आजही सांगू शकते, त्यांचे हात त्या दिवशी जराही कापले नाहीत. सलाइननं जखम धुतली. तुटलेल्या कडा घासून गुळगुळीत केल्या, जिभेला लागू नयेत म्हणून. जुन्या पेटीतून दात भरायचं सिमेंट काढून काचेवर घोटलं आणि त्या तांदळाएवढ्या भोकावर बसवलं. शेवंता टॉवेलमधून माझ्याकडे बघत गुरगुरत होती, आणि अप्पा सगळा वेळ तिच्याशी बोलत होते. लहान मुलांशी बोलायचे त्या आवाजात. त्या आवाजासाठी लोक आपली पोरं कुठून कुठून त्यांच्याकडे घेऊन यायचे.

"झालं. झालं माझी बाई. आता बघ, सुलतानला दाखवायला नवा दात."

मग त्यांनी मला तिला घेऊन वजनकाट्यावर उभं केलं. नंतर एकटीला. दोन्हीतला फरक काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचार करत राहिले.

"एवढ्याशा बाळाला जेवढं देतात, त्याच मापानं देऊ," ते म्हणाले. "त्याहून थेंबभर जास्त नाही. औषध जास्त झालेलं वाईट."

ते ताप-दुखीचं साधं औषध होतं. गुलाबी, गोड. पोरांना देतात ते. अप्पांनी स्वतः खाली उतरून दुकानातून आणलं, आणि ड्रॉपरनं, गालाच्या बाजूनं, एकेक थेंब तिच्या तोंडात सोडलं.

संध्याकाळी शहनाजभाभी बघायला आल्या तेव्हा शेवंता दूध चाटायला उठली. अप्पा जमिनीवर मांडी घालून तिच्यासमोर बसले होते. तिची जीभ दुधाला लागली तसे ते म्हणाले, "गिरजे, हात आहे गं अजून माझा." आणि स्वतःचं ताट वाढायला सांगितलं. त्या रात्री ते दोन भाकरी जेवले. मीही खूश होते. झोपण्याआधी त्यांनी तिला आणखी एकदा औषध दिलं, वेळ बघून.

सकाळी तिचा चेहरा सुजला होता.

"सूज येणारच," अप्पा म्हणाले. त्यांनी ओठ वर करून पाहिलं. मीही पाहिलं. हिरड्या गुलाबी नव्हत्या. चॉकलेटी झाल्या होत्या, जुन्या रक्ताच्या डागासारख्या. अप्पा बराच वेळ बघत राहिले. आयुष्यभर हिरड्या बघितलेला माणूस. "मार वर येतोय," शेवटी ते म्हणाले. "आपटल्यावर असा रंग येतो."

"तिला धाप लागलीय, अप्पा."

"ठणका आहे. ठणक्यानं लागते." आणि त्यांनी ड्रॉपर भरला.

दुपारपर्यंत तिचे पंजेही सुजले. ती तोंड उघडून श्वास घेऊ लागली. मी रिक्षा बोलावली.

"चला, अप्पा."

ते खुर्चीच्या हातावर टेकून उभे होते. "तू जा. मी नाही येत." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तुझ्या आईच्या वेळी सगळं बघितलं. आता ते नळ्या लावणं बघवणार नाही मला. तू घेऊन ये तिला परत."

डॉक्टर लोंढे माझ्यापेक्षा लहान होत्या. खेड्यांवरून नुकत्याच आलेल्या, गमबूट पायातच. त्यांनी शेवंताला टेबलावर घेतलं, हिरडी पाहिली आणि त्यांचे हात भराभर चालू लागले. ऑक्सिजन लावला. सुईनं रक्त काढलं. ते लाल नव्हतं.

"ताई, हिला दुखण्याचं काही दिलंत का? माणसांचं?"

"सिरप. लहान मुलांचं. अगदी थोडं, वजन करून..."

"कितीदा?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मांजराच्या शरीराला ते पचवताच येत नाही," त्या म्हणाल्या. "कुत्र्याचं, माणसाचं वेगळं. मांजराला थोडंही विष होतं. रक्त ऑक्सिजन धरेनासं होतं. म्हणून हा रंग."

"उतारा?"

"लगेच दिला तर उपयोग होतो कधी कधी. मी देतेय. पण ताई..." त्या सुई भरू लागल्या.

मी शेवंताच्या कानामागे बोट ठेवून उभी राहिले. मला आठवतं, बाहेर कुणीतरी म्हशीला हाकारत होतं आणि इथं आत मी एका मांजराला सांगत होते, घरी जायचंय, अप्पा थांबलेत. तिनं दोन वेळा जोरात श्वास ओढला. तिसरा ओढला नाही.

डॉक्टरांनी नळी काढली. तिचं तोंड मिटताना त्यांचं लक्ष सुळ्याकडे गेलं. त्यांनी दिवा जवळ घेतला.

"हा दात कुणी भरला?"

"माझ्या वडिलांनी. दातांचे डॉक्टर आहेत. होते."

"सुंदर भरलाय," त्या म्हणाल्या. दिवा बाजूला करून म्हणाल्या, "दातासाठी ती गेली नसती. मी तर तो काढूनच टाकला असता. सुळा नसला तरी मांजरं मजेत जगतात." मग आणखी खालच्या आवाजात, "औषध त्यांनीच दिलं?"

मी मान डोलावली.

"त्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, ताई. मी कुणाला बोलणार नाही."

मी जिने चढताना ठरवलं होतं की सांगायचं. खरं ते सांगायचं. मी शब्दही जुळवले होते. दार उघडंच होतं. अप्पांनी खुर्चीवर धुतलेली चादर अंथरली होती. माझ्या हातातल्या टॉवेलकडे त्यांनी एकदाच पाहिलं, आणि काही विचारलं नाही. मी तिला चादरीवर ठेवलं. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

"काय म्हणाल्या त्या?"

मी टॉवेलची कड तिच्या पायांवर ओढली.

"गिरजे, माझ्या हातून काही चुकलं का?"

सत्तर ओलांडलेला माणूस. वर्षभरात बायको गेलेली. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझे जुळवलेले शब्द मला एखाद्या परक्या बाईचे वाटले.

"नाही," मी म्हणाले. "पडल्यामुळे आतून मार लागला होता. दात सुंदर भरलाय म्हणाल्या."

त्यांनी मान डोलावली. डोलावतच राहिले. मग तसंच, तिच्यावरचा हात न काढता, विचारलं,

"जाळी कुणी उघडली होती?"

इमारतीमागं पाण्याच्या टाकीजवळ शहनाजभाभींच्या मालकांनी खड्डा खणला. अप्पांनी तिला विभूती लावली आणि टॉवेलसकट आत ठेवलं. माती लोटताना मी पुढं झाले तर ते म्हणाले, "राहू दे. तू कशाला." एवढंच. साध्या आवाजात.

त्यानंतर आमच्या घरात कुणीच कुणाशी बोलेना. मधे बोलायला शेवंता नव्हती. आमटीत मीठ कमी असलं तरी ते तसेच जेवत, किंवा ताट बाजूला सारत. सारतच जास्त. सोलापूरच्या आत्याचा फोन आला की त्यांचा आवाज मला आतल्या खोलीत ऐकू यायचा. "नाही गं, आजारी कुठली. चांगली धडधाकट. हिनं जाळी उघडी टाकली." मग थोडं थांबून, "पार्वतीनं मागं ठेवलेलं तेवढं एकच होतं. तेही सांभाळता आलं नाही."

पार्वती म्हणजे माझी आई.

आत्यानं एकदा मला फोनवर मागून घेतलं. "अगं, चूक कुणाच्या हातून होत नाही? पण तू जरा लक्ष द्यायला हवं होतंस बाई. आधीच त्याचं काय राहिलंय?"

"हो आत्या," मी म्हणाले.

जाळी मी उघडली होती, ते खरंच होतं. त्याबद्दल मी स्वतःला बोल लावतच होते. पण त्या पडण्यानं ती मेली नव्हती, आणि हे कराडात दोनच माणसांना माहीत होतं. रोज सकाळी अप्पा गॅलरीत जाऊन जाळी ओढून बघत, बंद आहे ना. रिकाम्या घरात. मला ऐकू जाईल इतक्या जोरात. अशा वेळी माझ्या जिभेवर ते वाक्य येऊन उभं राहायचं. मी ते गिळायची. एकानं सोसायचं आहे तर मी सोसेन, मला सवय होईल, असं मी स्वतःला बजावत होते. पुस्तकांत वाचलेलं असलं काही काही तेव्हा फार कामाला यायचं. पण अप्पा वाळत चालले होते. दाढी वाढवली होती. दिवसभर खुर्चीकडे पाठ करून बसत.

श्रावण लागला होता. दुपारी दाराची कडी जोरजोरात वाजली. शहनाजभाभी होत्या. हातात द्राक्षांची रिकामी पेटी, वर ओढणी गच्च बांधलेली, आणि आतून घुमल्यासारखा आवाज.

"डॉक्टरसाब, जरा बघा की. कुठंतरी मारामारी करून आलाय मुडदा. तोंडातनं रक्त यायलंय. दात मोडलाय वाटतं, काल रातच्यानं काही खाईना."

मी म्हणाले, "भाभी, डॉक्टर लोंढ्यांकडं नेऊया. मी येते."

"अवो, शेवंताचा दात कसा मस्त भरला होता डॉक्टरसाबनी! माझ्यासमोर दूध पीत होती नव्हं का. ती पडली म्हणून गेली बिचारी, दाताचं काय नव्हतं." त्यांनी अप्पांकडे वळून पेटी पुढं केली. "तेवढं आमच्या पोराचं करा. तुमच्या हाताला गुण आहे."

अप्पांनी पेटीकडे पाहिलं. ओढणीखालून काळं नाक बाहेर आलं होतं. मग ते उठले. खुर्चीवरची धूळ हातानं झटकली. मोरीत जाऊन, कोपरापर्यंत, सावकाश हात धुतले. भिंगाचा चष्मा लावला.

"गिरजे," ते म्हणाले, "टॉवेल आण."

किती दिवसांनी त्यांनी मला नावानं हाक मारली होती. मी टॉवेल आणला. सुलतानला गुंडाळलं, डोकं तेवढं बाहेर ठेवलं. अप्पांनी ओठ वर केला आणि तो आवाज परत आला, पोरांशी बोलायचा.

"अरे अरे, काय हे पैलवान. कुणाशी भिडला होतास? बघू. खालचा आहे. शेवंताइतका नाही मोडला, नस झाकलेली आहे. भाभी, काळजी नको. कडा घासून देतो, झालं काम."

"जगेल नव्हं?"

"अहो, दातानं कुणी मरतं का?"

त्यांनी कडा घासल्या. शहनाजभाभी त्यांच्या खांद्यावरून बघत दुवा देत होत्या. अप्पांच्या कपाळावर घाम आला होता आणि डोळे चमकत होते. मी इतकी वर्षं त्यांची मुलगी आहे. मला कळत होतं की आज रात्री ते पोटभर जेवणार. आमटीत मीठ कमी असेल तर मला म्हणणार. मी सुलतानचं अंग घट्ट धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, होऊ दे. एवढं नीट होऊ दे.

"आता ठणका राहायला नको," अप्पा म्हणाले, आणि कपाट उघडलं.

तीच बाटली. तळाशी गुलाबी औषध उरलेलं. अप्पांनी ती हलवली, उजेडात धरली, तारीख वाचली.

"किती किलोचा असेल हा? पाच?"

"अप्पा, औषध नको," मी म्हणाले. "आधी लोंढ्यांना विचारू."

"काय विचारायचंय?"

"मांजराला चालतं का ते."

"शेवंताला दिलं होतं की. लगेच उतार पडला, दूध प्यायली." ते ड्रॉपर भरू लागले.

"तरी एकदा फोन करते."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्यातून त्यांचे डोळे मोठे, पाणेरी दिसत होते. भाभींसमोर बोलायचं नाही म्हणून त्यांनी क्षणभर आवरलं असावं, पण आवरलं गेलं नाही.

"जाळी उघडी टाकणाऱ्यानं मला औषध शिकवू नये," ते म्हणाले.

भाभींनी खाली पाहिलं. अप्पांनी डाव्या हाताच्या बोटानं सुलतानचा गाल बाजूला केला. ड्रॉपरचं टोक दातांच्या फटीशी आलं. थेंब टोकाशी येऊन फुगला. बोक्याचं हृदय टॉवेलमधून माझ्या तळहातावर धाडधाड आपटत होतं.

मी एक हात सोडला आणि अप्पांचं मनगट धरलं. त्यांनी हिसडा दिला. मी सोडलं नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची, त्यानंतर मी त्यांचा हात असा कधी धरला नव्हता.

"सोड, गिरजे."

"अप्पा," मी म्हणाले, "शेवंता पडून नाही गेली. या औषधानं गेली. मांजराला हे विष असतं. आपल्याला माहीत नव्हतं, अप्पा. आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं."